म्हसूचा काटा, कोंडाजीची कंबर

त्या दिवशी पौषातलं धुकं धरणाच्या पाण्यावरून जे मुळशीवर चढलं, ते उन्हं वर आली तरी हटेना. हातभरावरचं मेंढरू दिसत नव्हतं.

आदल्या दिवशी पारावर मास्तरांनी पेपरातनं वाचून दाखवलं होतं, की चीन देशात सुया टोचून माणसांची दुखणी घालवतात. म्हसू धनगर ताडकन उठला.

"मग मी जलमभर काय करतुया? मेंढरू आकडलं की काटा टोचतुया, निरगुडीचा काढा पाजतुया. उद्यापासनं मी मानसांचा वैद्य!"

सगळा पार हसला. म्हसूला ते लागलं.

"पहिला मानूस सरळ उभा न्हाई केला, तर काटा पुन्हा हातात धरनार न्हाई. मेंढरांसाठी सुदीक!"

घरी बायको चिमाबाई म्हणाली, "मेंढरं शिव्या देत न्हाईत, म्हनून तुमचं निभावतंय."

सकाळी शेजारचा कोंडाजी आला. गारठ्यानं त्याची कंबर अशी धरली होती, की बिचारा आपल्याच अंगठ्यांना रामराम घालत आला.

"म्हसू, कर काय ते. पौडच्या डाक्टरची सुई लई मोठी असती."

म्हसूनं त्याच्या पाठीवर बोटं फिरवली आणि थबकला. मेंढराची टोचायची जागा शेपटापासून बोटांनी मोजायची असते. कोंडाजीला शेपूट नव्हतं. (चीनमध्ये याचं काय करतात, ते मास्तरांनी वाचलं नव्हतं.)

"कोंडाजी, हात टेक. चार पायांवर हो."

"आरं, मी काय मेंढा हाय?"

"न्हाईस, हीच तर अडचन हाय!"

मग सवयीनं जे व्हायचं ते झालं. वेळूच्या नळीनं म्हसूनं काढा घशात ओतला, पाठीवर गेरूचा ठिपका दिला (एकाच मेंढराला दोनदा पाजलं जाऊ नये म्हणून), मान गुडघ्यांत आवळली आणि अंदाजानं बाभळीचा काटा टोचला.

कोंडाजी असा उसळला, की म्हसू उडून मेंढरांत जाऊन पडला. पण कोंडाजी उभा होता. सरळ! खांबासारखा!

"बघितलंस?" म्हसू खालूनच ओरडला. "आता हसा म्हनावं!"

"मग ऊठ की. पारावर जाऊन सांगू."

म्हसू कसाबसा हातापायांवर आला, आणि तिथंच अडकला. त्याचीच कंबर धरली होती.

चिमाबाई धावत आली. "गाडी जुपायला सांगू का? पौडला नेते."

"डाक्टर कशाला? माझा काटा हाय न्हवं? टोच!"

चिमाबाईनं टोचला. सगळ्या संसाराचं उट्टं काढावं तसा टोचला. वर नळीभर काढा पाजला आणि नळी धुवायला गेली. म्हसू तसूभरही हलला नाही.

"उतरंल हळूहळू," मेंढरांच्या मधून, चार पायांवरून तो ताठ्यात म्हणाला. "इलाज खोटा न्हाई!"

कोंडाजीनं गेरूची वाटी उचलली आणि त्याच्या पाठीवर एक ठसठशीत ठिपका दिला.

"आरं, मला कशाला?"

"धुकं लई हाय, म्हसू. वैनी पुन्हा नळी घिऊन आल्या, तर त्यास्नी कळाया पायजे, ह्या मेंढ्याचं झालंय म्हनून."