चादरीचं शीड

इतिहास लिहिणाऱ्याने थोडंफार खोटं लिहावं, त्याशिवाय पुस्तक भरत नाही. पण सासूच्या चादरीबद्दल खोटं लिहू नये. एवढी साधी गोष्ट जावयाला कळू नये, आणि तोही पदवी भिंतीवर टांगलेल्या जावयाला, याचं काकूंना राहून राहून नवल वाटत होतं. आपण चौथीत शाळा सोडली म्हणून वाचलो, असं त्यांचं मत झालं. आणखी शिकलो असतो तर डोळ्यांनी पाहिलेलंही दिसेनासं झालं असतं.

जावईबापू तळ्यावरच्या नौकानयन क्लबचे मानद चिटणीस. (मानद म्हणजे ज्याला काम सांगता येत नाही असा.) क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी एकशे चार पानांचा इतिहास सिद्ध केला आणि त्याचा कच्चा खर्डा कौतुकाने सासूबाईंकडे पाठवला. तेराव्या पानावर काकूंचं बोट थांबलं. 'क्लबची पहिली नौका परदेशातून आली. तिच्या शिडाच्या कोपऱ्यात निर्मात्या कारखान्याचं मानचिन्ह आजही स्पष्ट दिसतं: तीन ठिपके आणि खाली एक वाकडी रेघ. तेच पुढे क्लबचं बोधचिन्ह झालं. तीन ठिपके म्हणजे शौर्य, शिस्त आणि स्नेह. वाकडी रेघ म्हणजे क्षितिज.'

आता खरी गोष्ट. पहिली होडी काकूंच्या यजमानांनी बांधली. ते सुतार होते. दुकानामागच्या खोलीत दोन जुनी कपाटं मोडून त्यांनी ती उभी केली, आणि एका फळीवर बिजागरीची खाच अजून आहे. शिडाला कापड मिळेना, तेव्हा काकूंनी ट्रंकेतून लग्नातली मोठी चादर काढली, चारी कडांना दुहेरी शिवण घातली आणि म्हणाल्या, "घ्या. नाहीतरी तुम्ही हिच्यावर झोपता कधी? मुक्काम तर होडीतच असतो." तीन ठिपके आणि वाकडी रेघ ही कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याची खूण होती. तीन ठिपके म्हणजे तिसरा मजला. वाकडी रेघ म्हणजे खळ कमी.

ही खूण आज क्लबच्या निशाणावर, टोप्यांवर, बशांवर आणि अध्यक्षांच्या छातीवर आहे. यजमान होते तोवर काकूंनी तोंड उघडलं नाही, कारण यजमानच हसून म्हणायचे, "मिरवू दे गं. आपली खळ कमी आहे, त्यांची तरी कडक असू दे." ते क्लबचे सदस्य कधीच झाले नाहीत. (त्यांच्या हाताला रंधा लागलेला होता, आणि नियमावलीत 'निर्मळ हौस', म्हणजे हातावर पोट नसलेली हौस, अशी अट आहे.) सहा वर्षांपूर्वी ते गेले. आता हसून घालवणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

"एक ओळ घाला," काकू जावयाला म्हणाल्या. "पहिली होडी अमक्या सुताराने बांधली, शीड त्याच्या बायकोने शिवलं. बास. फोटोबिटो नको."

"सासूबाई, तुमच्या भावना समजतात. पण इतिहासाला पुरावा लागतो."

काकूंनी त्याच चादरीच्या जोडीचे दोन उशीचे अभ्रे पाठवले. दोन्हीवर तीन ठिपके, खाली वाकडी रेघ. समितीने अभ्रे टेबलावर पसरून दोन तास चर्चा केली आणि आठव्या दिवशी काकूंना पत्र आलं. लेकीने ते वाचून दाखवलं: 'आपल्या खासगी उशीवर क्लबच्या बोधचिन्हाचा विनापरवाना वापर झाल्याचं आढळून आलं आहे. सात दिवसांत खुलासा करावा.' खाली 'आपला नम्र' म्हणून जावयाची सही.

"आई, तुला खुलासा द्यायचाय."

"कसला?"

"उशीचा."

"मी तिच्यावर डोकं ठेवते, असं लिही. क्लबमध्ये ती पद्धत नसेल."

लेक हसली नाही. तिने पत्राची घडी केली, उलगडली आणि पुन्हा केली.

क्लबच्या सफरींबद्दल दोन शब्द सांगणं इथे कर्तव्य आहे. दरवर्षी एक, अशा क्लबच्या एकोणपन्नास सफरी झाल्या. इतिहासानुसार पैलतीरी पोचलेल्या: एकोणपन्नास. काकूंच्या गॅलरीतून पोचताना दिसलेल्या: दोन. (त्यातली एक, धक्क्याला बांधलेली दोरी रात्री आपोआप सुटली म्हणून.) तळं सव्वा मैल रुंद आहे. बदकं समिती न नेमता वीस मिनिटांत पलीकडे जातात.

तिसऱ्या वर्षी सफरीत वृत्तांताची वही भिजली. तेव्हापासून वृत्तांत आठवडाभर आधी, कोरड्या खोलीत, पंख्याखाली लिहून मंजूर करून घेण्याची प्रथा पडली. प्रथा उत्तम आहे. माणसं निर्धास्त निघतात, कारण आपण पोचलो हे त्यांना आधीच ठाऊक असतं. आणि समितीने मंजूर केलेला मजकूर बदलण्याचा अधिकार वाऱ्याला नाही. वल्ह्यांना मात्र सक्त बंदी. नियम नववा: वल्ह्याला हात लावणाऱ्याचं सदस्यत्व जागच्या जागी रद्द.

पन्नासाव्या सफरीला ती पहिली होडी क्लबच्या दिवाणखान्यातून खाली उतरवली. चादरीचं शीड चढवलं. अध्यक्ष, जावईबापू, काकूंची लेक आणि दोन उपाध्यक्ष तिच्यात बसले. तीनशे पाहुण्यांना मोटारींनी पैलतीरावर नेऊन मांडवात बसवलं आणि प्रत्येकाच्या हातात छापील इतिहास दिला. पान अठ्ठ्याण्णव: 'दुपारी ठीक चार वाजता पन्नासावी सफर पैलतीरी पोचली. वारा अनुकूल होता. सर्वांचे डोळे पाणावले.'

साडेबाराला वारा पडला. होडी तळ्याच्या मध्यावर खिळली. तीन वाजता अध्यक्षांनी वाऱ्याविरुद्ध निषेधाचा ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला. (लेक तटस्थ.) चारला पलीकडे बँड वाजला, कारण कार्यक्रमपत्रिकेत चारलाच होता. पाहुण्यांनी पान अठ्ठ्याण्णव उघडून टाळ्या वाजवल्या. एका गृहस्थांनी डोळे पुसल्याचंही बँडवाल्याने नंतर सांगितलं. मग थंड सरबत झालं आणि मंडळी समाधानाने मोटारींत बसली.

पाचला काकूंनी यजमानांची दुसरी, छोटी होडी पाण्यात लोटली, पदर खोचला, वल्ही उचलली. आपल्या हातची शिवण उन्हात लोंबताना त्यांना लांबूनच ओळखू आली. एक टाका उसवला नव्हता. त्या जरा वेळ वल्ही थांबवून बघत राहिल्या.

"सासूबाई!" जावईबापू अर्धे उभे राहिले. "देवासारख्या आलात! दोरी टाका!"

काकूंनी दोरी टाकली नाही. पिशवीतून इतिहास काढला आणि अक्षराखाली बोट धरून सावकाश वाचलं, "ठीक... चार वाजता... पैलतीरी पोचली." मान वर केली. "अहो, तुम्ही तर पोचलात! पोचलेल्या माणसाला ओढून नेण्याइतकी मी अडाणी नाही."

"तो वृत्तांत आहे हो. वस्तुस्थिती जरा वेगळी आहे."

"पुरावा?"

अध्यक्ष खोकले. जावईबापूंनी आवाज उतरवला. "दुसऱ्या आवृत्तीत सगळं घालतो, सासूबाई. मामंजींचं नाव, चादर, लॉन्ड्री. शब्द देतो."

तेवढ्यात लेक उठली. चपला हातात घेऊन ती आईच्या होडीत उतरली आणि दुसरं वल्हं उचललं. नियम नववा लागू झाला.

"अगं, अशी काय करतेस?" जावईबापू म्हणाले. "सभासद आहेस तू!"

"होते," लेक म्हणाली. "आई, चल."

काकूंनी होडी वळवली. मग परत मान फिरवून जावयाकडे नीट पाहिलं.

"नका घालू, जावईबापू. तुमच्या पुस्तकात गेलं की तेही खोटं वाटायला लागेल. यांनी बांधलेली होडी तुमच्या बुडाखाली आहे आणि ती अजून बुडालेली नाही. मला तेवढा पुरावा पुरे. आणि खरं सांगू? तुमच्यावर माझा राग नाही. तीनशे माणसं काठावर बसली होती. एकाने मान वर केली असती, तर तुम्ही समोरच दिसत होतात. पण छापलेलं हातात असलं की मान कोण वर करतो? आत्तासुद्धा कुणीतरी बसलं असेल, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत."