थेट सांगवीहून

दस्तगीरभाई रेडिओवर बोलणार, ही बातमी सांगवीत आठ दिवस आधीच फुटली होती, कारण ती फोडत खुद्द दस्तगीरभाईच हिंडत होते. त्यांच्या पंक्चरच्या दुकानात सकाळपासून एकच केंद्र लागलेलं असायचं. देशभर ऐकू जाणारं. बातम्या आणि सामने, आणि जे काय ते थेट. ट्यूब पाण्यात बुडवतानाही भाईंचा कान तिकडंच. त्या केंद्रावर रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं मराठीतून 'मैदान तुमच्या गावचं' लागतं. गावच्या सामन्याचा हालहवाल गावातल्याच माणसानं फोनवरून सांगायचा. भाईंनी चार वर्षं मेसेज पाठवून पिच्छा पुरवला, तेव्हा कुठं त्यांचा नंबर लागला.

आता एवढा आटापिटा कशासाठी? तर शहाजादीभाभींसाठी. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण भाई सामन्याचं बोलायला लागले की भाभींना चुलीवरचं काहीतरी आठवायचंच.

"घरात माझं कोन ऐकत न्हाय," भाई ट्रॅक्टरवाल्या गेणबाला म्हणाले, "पर रेडिओतनं आवाज आला ना, तर गप बसून ऐकंल बग!"

रविवारी मुलींच्या कबड्डीची फायनल झाली, सांगवी विरुद्ध माळेगाव. सांगवीनं एका गुणानं मारली. भाई मात्र तेवढा वेळ दुकानात बसून आधी 'क्रीडारसिकहो' म्हणावं की आधी 'नमस्कार', यावर कागदच्या कागद फाडत होते. निकाल त्यांना आरड्याओरड्यावरून कळला.

साडेपाचला पारावर ही गर्दी! मांडववाल्या परवेजनं मैदानातला कर्णा काढून पारावर बांधला आणि त्याला रेडिओ जोडला. गेणबानं समोर ट्रॅक्टर उभा करून त्यातलाही रेडिओ लावला.

"आरं, मी हितंच उभा ऱ्हाऊन बोलनार हाय," भाई म्हणाले. "समोरासमोर ऐकू यील की."

"तुमचं समोरचं आमी रोजच ऐकतो," गेणबा म्हणाला. "आज रेडिओतलं ऐकायचं."

शहाजादीभाभीसुद्धा येऊन पुढं बसल्या. ते बघून भाईंनी खिशातला कागद काढून पुन्हा एकदा वाचला.

फोन आला. पलीकडून केंद्रातला एक पोरगेला आवाज म्हणाला, "काका, तुमच्या मागं रेडिओ वाजतायत. आवाज घुमतो. सगळे बंद करा, नाहीतर तुम्हाला घेता येणार नाही. फोन ठेवू नका, दोन मिनिटं आहेत."

"परवेज, कर्णा बंद कर!"

"बंद? मग लोकांनी ऐकायचं काय?"

"बंद म्हनतो ना!"

कर्णा थांबला. गर्दीत कुरकुर झाली. ट्रॅक्टर मात्र वाजतच होता. "गेणबा, पाया पडतो तुझ्या!" भाईंनी हात जोडले. गेणबानं तोंड फुगवून बटण दाबलं.

तरी एक बाई कुठूनतरी हवामान सांगतच होती. आवाज कुशाबाईंच्या परसातून येत होता. म्हातारीला ऐकू कमी, म्हणून रेडिओ पूर्ण मोठा.

"पळ परवेज!"

"आन् तिचं कुत्रं? मागल्या महिन्यात पँट फाडली माझी. तुमालाच वळखतंय ते."

भाईंनी फोन भाभींच्या हातात कोंबला. "धर. कट करू नगंस. कोन काय इचारलं तर उत्तर दे, पर लाईन सोडू नगं. आलोच!"

लुंगी सावरत भाई पळाले. कुत्र्यानं शेपूट हलवली. कुशाबाई खाटेवर बसल्या होत्या.

"मावशी, रेडिओ बंद करा!"

"व्हय, व्हय, तुझ्यासाठीच लावलाय!"

भाईंनी बटण पिळलं, आवाज बारीक झाला, पुरता बंद होणार तेवढ्यात निवेदिका म्हणाली, "आणि आता जाऊ या थेट सांगवीला. नमस्कार! कसा झाला सामना?"

"कोन बोलतंय?" रेडिओतून उत्तर आलं, आणि भाईंचा हात बटणावर तसाच राहिला. तो आवाज एकतीस वर्षं त्यांच्या घरातला होता. "सामना व्हय? अवो बाई, काय सांगू तुमाला! शेवटची रेड, आन् आमी दोन पॉइंट मागं. आमची स्वरूपा गेली एकटी. त्या माळेगावच्या पोरी एकेक अशी दांडगी! तिघींनी पाय धरलं तिचं. पर पोर सरपटत, सरपटत आली, आन् बोटाचं टोक लावलं की रेषेला! तिन्ही आउट! तिची आय डोळं मिटून बसली हुती. म्या म्हनलं, उगड आता, जितली तुझी पोर!"

निवेदिका खळखळून हसली. "तुमच्या घरात खेळाची आवड कुणाला?"

"आमच्या ह्यास्नी. पर आज त्येंनी काय बगितलं न्हाय. कागद लिव्हत बसलं हुतं."

"बंद करतोस व्हय रं?" कुशाबाईंनी विचारलं.

"थांबा मावशी! एक शब्द बोलू नका!" भाई ओरडले आणि तिथंच मातीत बसले. निवेदिकेनं आभार मानले, बातम्या सुरू झाल्या, तेव्हाच ते उठले.

पारावर सगळं गाव भाईंच्या वाटेकडं डोळे लावून बसलं होतं. भाभींनी फोन पुढं केला. "घ्या, कट झाला. कोन बाई हुती, लई चौकशी करत हुती. तुमी म्हनला उत्तर दे, म्हनून दिलं. तुमचा रेडिओवाला परत लावंल न्हवं?"

भाईंना राग आला होता, हसूही येत होतं, आणि खरं सांगायचं तर ऊर भरून आला होता.

"झालं," ते म्हणाले. "ही बोलली. आख्ख्या देशानं ऐकलं."

"आन् आमी?" गेणबा किंचाळला. "आमी रेडिओ बंद करून बसलो की वो!"

"या अल्ला! त्यो रेडिओ हुता?" भाभींनी पदर तोंडाला लावला. गावाचा गलका वाढत गेला. त्या गलक्यात भाभी भाईंच्या शेजारी सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "कसं बोलले म्या? सांगा की सगळं."

भाईंनी पहिल्या शब्दापासून सांगायला घेतलं. स्वरूपा रेषेला टेकली, तिथं भाभींनी आपणच टाळी वाजवली. सगळं सांगून झालं तशी म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांगा. मगाशी लई भरभर सांगितलं."