वेखंडे सरांची परतभेट

माझे यजमान गेल्याच्या तेराव्या दिवशी वेखंडे सर पहिल्यांदा आमच्या आसनगावच्या घरी आले. भेटायला येणारी माणसं दारात जरा घुटमळतात, आवाज खाली आणतात. सरांनी चपला काढल्या, खुर्ची उजेडाकडे ओढली, ते ज्यात लिहीत ते तालुक्याचं साप्ताहिक पिशवीतून काढलं आणि माझ्या नवऱ्याच्या निधनाची बातमी मला मोठ्यानं वाचून दाखवली.

"यात चुकीचं काय आहे?" त्यांनी विचारलं.

माझ्या दिरांना वाटलं, हा माणूस फोटोसह मोठी जाहिरात मागायला आला आहे. बातमी चार ओळींची होती. यजमान अत्यंत मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीचे होते, असं तिच्यात छापलं होतं.

"ते मनमिळाऊ नव्हते," मी म्हणाले.

"वहिनी, आता कशाला ते," दीर म्हणाले.

सरांनी खिशातून पेन्सिल काढली. "मग कसे होते?"

मी सांगितलं. लग्नाला गेले तर मांडवामागे आचाऱ्यांपाशी जाऊन बसायचे. शेजाऱ्यांची बंद पडलेली घड्याळं न विचारता दुरुस्त करायचे आणि पुढे महिनाभर ती नीट चालतात का, हे आमच्या खिडकीतून बघायचे. सरांनी सगळं उतरवून घेतलं. पुढच्या अंकात आलं: 'ते मनमिळाऊ नव्हते, असे त्यांच्या पत्नीने कळवले आहे.' खाली घड्याळांचा मजकूर. दीर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी मात्र त्या ओळीला हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून ते लक्षात राहिलं.

मी तेव्हा शहापूरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. कामावर परत गेले तेव्हा कळलं की वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी जो वार्ताहरांचा वर्ग भरतो, तो याच माणसाचा. शहापूर-मुरबाडकडची गावोगावची माणसं तिथे बातमी लिहायला शिकत. कोणी शिवणकाम करणारी, कोणी दुकानदार. वाशिंदचे एक गृहस्थ फोनवर बातम्यांचं चॅनल चालवत आणि स्वतःला व्यवस्थापकीय संपादक म्हणवत. माडीची किल्ली माझ्याकडे असे. किल्ली द्यायला वर जायची, ती हळूहळू मागच्या बाकावर बसू लागले.

सर कोणालाही नावानं हाक मारत नसत. "मुरबाड, उभे राहा." "किन्हवली, फळा पुसा." मी आसनगाव झाले. नाव विसरलं तरी चालेल, पण आपण कुठून लिहितोय हे विसरता कामा नये, असं ते म्हणत.

काही शब्दांशी त्यांचं वैर होतं. किन्हवलीनं एकदा वाचलं, "या घटनेने परिसरात खळबळ उडाली."

"कोणाच्या घरी?"

किन्हवली विचारात पडले. "आमच्याच, सर. बायको ओरडली."

"मग तसं लिहा."

मुरबाडनं आठवडे बाजारात प्रचंड गर्दी झाल्याचं लिहिलं, तर सरांनी त्याला पुढच्या बाजाराला मोजायला पाठवलं. त्यानं येऊन फळ्यावर लिहिलं, 'दोनशे चौदा माणसे, अकरा बकऱ्या व मी.' सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

पण सरांचा खरा ध्यास म्हणजे परतभेट. बातमी छापून आली की वार्ताहरानं अंक घेऊन त्या माणसाकडे परत जायचं, बातमी अक्षर न गाळता वाचून दाखवायची, आणि तो काय म्हणतो ते ऐकून घ्यायचं. "लिहायला कोणीही जातो," सर म्हणत. "वाचायला जा. घाम फुटतो."

फुटायचाच. व्यवस्थापकीय संपादकांनी एका सरपंचबाईंची खरडपट्टी काढणारी चित्रफीत दाखवली होती. ती घेऊन ते परत गेले, तर बाईंनी शेजारणींनाही बोलावलं, सतरंजी अंथरली आणि तीनदा लावायला सांगितली. डोळखांबची वनिता, ती शिवणकाम सांभाळून बातम्या पाठवायची, बंद पडलेल्या हातपंपाची बातमी घेऊन डोंगरावरच्या पाड्यात गेली. तिथल्या आजीनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "गो, ह्ये मला ठावं हाय. मीच तुला सांगलं. पानी कवा येल, ते वाच."

वनितानं हे वर्गात सांगितलं तेव्हा सर हसले नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

वर्गाला दाखवण्यासाठी सरांनी आपली जुनी कात्रणं माझ्याकडे लावायला दिली. मुरबाडच्या एका साप्ताहिकात ते पूर्वी वार्ताहर होते. प्रत्येक कात्रणाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं गोल होता. गोल म्हणजे परतभेट झाली. कामाच्या सवयीनं मी ती सालवार लावली, आणि एका कात्रणावर गोल नाही हे दिसलं. मथळा होता, 'जन्मदात्रीला उपाशी टाकून मुलगा पसार'. तीस वर्षांपूर्वीची बातमी, डोळखांबच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यातली.

मी सरांना विचारलं.

"तिथं जायचं राहिलंय," ते म्हणाले.

मग ते कात्रण हातात घेऊन त्यांनी सांगितलं. ते त्या पाड्यात गेले तेव्हा एका झोपडीच्या दाराला करवंदीची काटेरी फांदी आडवी लावलेली होती, आणि म्हातारी शेजारच्या ओटीवर बसली होती. मुलगा-सून वीटभट्टीवर गेलेली. खाली रस्त्यावरचा दुकानदार म्हणाला, आईला घराबाहेर काढून गेला. सरांनी लिहिलं. पुढे वर्षभरानं त्यांना कळलं, की कामाला जाताना घर असंच बंद करतात. म्हातारं माणूस शेजाऱ्यांकडे ठेवतात, त्याच्या नाचणी-तांदळाची कणगी भरून देतात. दरवर्षी, घरोघर.

"तेव्हापासून परतभेट सुरू केली, आधीच्या बातम्यांचीही," सर म्हणाले. "तिथली सोडून."

वनितानं गावी जाऊन चौकशी केली. म्हातारी केव्हाच वारली होती. मुलगा भिवा अजून तिथेच होता. सर म्हणाले, पुढच्या रविवारी जाऊ. पुढच्या रविवारी जीप मिळाली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांचा गुडघा दुखत होता.

"सर," वनिता म्हणाली, "तुमचा गुडघा डोळखांबचं नाव काढलं का दुखतो."

वर्ग हसला. सर खाली मान घालून फळा पुसत राहिले, आणि फळा कोरा होता. त्या दिवशी मला वाटलं, हे गेले नाहीत तर हा वर्गही फार दिवस चालवू शकणार नाहीत.

शेवटी आम्ही तिघं गेलो. भातकापणी संपली होती. भिवा खळ्यात पेंढ्याचे भारे बांधत बसला होता, साठी उलटलेला, काटक माणूस. वनितानं ओळख करून दिली. सर बसले नाहीत. वर्गात वाचतात तसं त्यांनी उभ्यानं, मथळ्यापासून वाचलं. 'निर्दयी' हा शब्द आला तेव्हा ते अडखळले. त्यांनी तो शब्द पुन्हा वाचला.

भिवानं हातातला भारा बांधून पुरा केला.

"माज्या पोरीला सोयरीक आली व्हती," तो म्हणाला. "त्यांनी ईचारलं, आयला उपाशी टाकनारा त्यो तूच का. आमी नाय म्हंगलो. पेपरात हाय म्हंगले. पेपराफुडं आमी काय बोलनार?"

"चूक माझी होती," सर म्हणाले. "मी एकालाच विचारलं. तुमच्या आईशी मी बोललोच नाही."

"ती बोलली असती. लय बोलायची." भिवानं पुढचा भारा ओढला. मग म्हणाला, "आयचं नाव हाय ना त्याच्यात?"

"आहे. ठकूबाई."

"त्येवढं परत वाचा."

सरांनी वाचलं.

"तिचा फोटू नाय, कागुद नाय," भिवा म्हणाला. "नाव छापलेलं ह्येच. कसं का आसना." त्यानं हात पुढे केला. सरांनी कात्रण त्याला दिलं. तो ते उलटसुलट बघत राहिला. "आता खरं लिवा. तिची कनगी मी भरून दिली व्हती, त्ये लिवा. शेजारनीला ईचारा, ती हाय आजून."

सर शेजारणीकडे गेले, तिला विचारलं, परत आले आणि लिहायला बसले. ते लिहीत होते तेव्हा भिवानं सहज विचारलं, "तुमची आय कुठं आसती, सर?"

"गेली. त्याच साली. मुरबाडला."

"जवळ कोन व्हतं?"

"कोणी नाय." इतक्या वर्षांत सरांच्या तोंडून मी 'नाय' कधी ऐकलं नव्हतं. "मी बातमीला गेलो होतो."

भिवानं त्यांच्याकडे पाहिलं. "मंग तुमाला राग माजा नवता आला," तो म्हणाला.

सरांनी होकारार्थी मान हलवली.

निघताना भिवानं सुनेला हाक मारून नव्या तांदळाची पुरचुंडी आणवली आणि सरांच्या पिशवीत स्वतः ठेवली. खरी बातमी दोन आठवड्यांनी छापून आली. मधल्या पानावर, पण चौकटीत.

पाडा ते डोळखांब आम्ही चालत उतरलो. सर पुढे होते. उताराला लागल्यावर ते आपणहून बोलू लागले. त्यांची आई रोज चार वाजता दोन कप चहा करायची. दुसरा त्यांचा. ते चारला कधी घरी नसत. ती तो झाकून ठेवायची, पाचला परत तापवायची, आणि सहा वाजले की स्वतः पिऊन टाकायची.

"तुम्ही घरी नसायचात," मी म्हणाले. "मग तुम्हाला हे कसं कळलं?"

"शेजारीण बोलली," सर म्हणाले. "आईच्या तेराव्याला आली होती तेव्हा."