बाळपुष्टीचे लाडू

महेशच्या कंपनीला 'बाळपुष्टी' या दूध पावडरची जाहिरात करायला कायद्याने बंदी होती. म्हणून कंपनी जाहिरात करत नसे, फक्त 'अनुभव' गोळा करी. महेशला मुलगा झाल्याची बातमी ऑफिसात पोहोचली, तशी यादव साहेबांनी पेढ्यांची वाट न बघता पावडरचे डबे पाठवले आणि मागून फोन केला.

"बारशाला येतोय. बाळ बाटलीने पितानाचा एक फोटो लागेल. ज्याच्या घरी माल चालत नाही, त्याला नाशकात ठेवून काय उपयोग? मनमाडला जागा रिकामी आहे."

मनमाड काही वाईट गाव नाही, पण तिथून बाळ दिसत नाही.

महेशने बायकोपाशी विषय काढला. छाया बाळाला पदराखाली घेऊन बसली होती.

"मला दूध येतंय, त्याला ते आवडतंय. यात तुमच्या साहेबांना कुठं बसवू?"

"फोटोपुरतंच गं."

"मग फोटोपुरती बाटली तुम्ही धरा तोंडात."

तरी बारशाच्या सकाळी महेश द्वारका चौकात जाऊन बाटली घेऊन आला. परतला तेव्हा घरभर तुपाचा वास सुटला होता. बाळंतपणासाठी मखमलाबादहून आलेल्या सासूबाई, नवसाबाई, लाडू वळत होत्या. सगळे डबे धुऊन गॅलरीत पालथे घातलेले होते.

"आई, यातली पावडर?"

"लाडवात घातली. डिंक, खारीक होतीच. लय झ्याक झालेत."

"अहो, ती बाळासाठी होती."

"मग बाळासाठीच केले की. बाळाला दूध कोण देतं? छाया. मग खाऊ कोणाला घालायचं? पेंडीच्या पोत्यावर दूध लिहिलेलं असतं जावईबापू, खाते म्हैसच."

कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये गिऱ्हाइकाच्या प्रत्येक शंकेला उत्तर शिकवलं होतं. हे त्यात नव्हतं.

यादव साहेब वेळेवर आले. त्यांनी बाळाला उचलून पाहिलं, मान डोलावली, लाडू खाल्ला आणि दुसरा हातात घेऊन गॅलरीत डोकावले.

"सगळे डबे संपले?"

"कण उरला नाय," नवसाबाई खरं तेच बोलल्या.

"वजन बघा पोराचं. याला म्हणतात बाळपुष्टी. महेश, गाडीत आणखी डबे आहेत. बाटली भर, फोटो काढून टाकू."

महेश साहेबांनी पुढे केलेल्या गाडीच्या किल्लीकडे बघत उभा राहिला. छाया खुर्चीवरून म्हणाली, "साहेब, तो माझंच पितो आणि माझंच पिणार. तुमची पावडर तुमच्या हातात आहे."

साहेबांनी हातातल्या अर्ध्या लाडवाकडे पाहिलं. महेशला मनमाडचा प्लॅटफॉर्म दिसू लागला. साहेबांनी राहिलेला अर्धा लाडू सावकाश संपवला, तोंड पुसलं आणि महेशला कोपऱ्यात घेतलं.

"आणखी आहेत का रे?"

"साहेब?"

"आमची सूनही बाळंतीण आहे. मुलांची डॉक्टर. अंगावरच पाजते. आपला डबा घरात आणायचा नाही म्हणते."

"मग साहेब, तुमच्या घरचा फोटो?"

"तोच वरचे लोक मागतायत," यादव साहेब हळूच म्हणाले. "तू आता नाशकातच राहा. या बाबतीत मला कोणीतरी सोबतीला हवा."

नवसाबाईंनी लाडू बांधून दिले. घरात दुसरं रिकामं भांडं नव्हतं, म्हणून एक वाळलेला डबा उचलून गच्च भरला. यादव साहेबांच्या घरात बाळपुष्टीचा डबा गेला, तो हा पहिलाच.