रिजेक्ट बुचांची बादली

गाडी बंद पडली म्हणून क्वालिटी साहेब त्या दिवशी पायी कारखान्यात आले, आणि फाटकापाशी ठेवलेली बादली बघून त्यांचं डोकंच फिरलं. कारखाना औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं करायचा. बाटलीत नीट न बसणारी बुचं या बादलीत पडत आणि येणारा-जाणारा खुशाल मूठभर उचलून नेई.

"कंपनीचा खराब माल रस्त्यावर? उद्या मालकीणबाई यायच्यात!" साहेब वॉचमनवर कडाडले.

"बादली पहिल्यापासून आहे, साहेब. बुचं लोकांच्या उपयोगी पडतात."

"बाटलीशिवाय बुचाचा काय उपयोग हो?"

साहेबांची तडफड उगीच नव्हती. त्यांना कायम करायचं की नाही, ते मालकीणबाई उद्याच ठरवणार होत्या. आधीच्या दोन नोकऱ्या त्यांच्या अति काटेकोरपणानंच घालवल्या होत्या. बायकोनं तर बजावलंच होतं, "पुन्हा सामान बांधायला लावलंत, तर मी फक्त माझंच बांधीन."

दुपारी साहेब स्वतः टेम्पोत बसले आणि भोंग्यावरून ओरडत गल्लीबोळ फिरले, "कंपनीची सगळी रिजेक्ट बुचं ताबडतोब परत करा!"

आता इथल्या लोकांचा कंपनीवर भारी जीव. शाळेचं छप्पर उडालं तेव्हा कंपनीनं गुपचूप बसवून दिलं, दवाखान्याला खाटा दिल्या, आणि कुठं नावाची पाटीसुद्धा लावली नाही. अशा कंपनीनं काही मागितल्यावर 'का' म्हणून कोण विचारतंय? संध्याकाळपर्यंत कारखान्याच्या आवारात बुचांचा ढीग लागला. साहेब खूश.

सकाळी फोन सुरू झाले. शाळेत बाकांच्या पायांना बुचं असायची. मुलं प्रार्थनेला उठली आणि बाकांनी अशी काही किंकाळी फोडली की हेडबाईंनी सुट्टीच देऊन टाकली. वाचनालयाचं दार धाडधाड आपटत होतं. दवाखान्यात चाकाखालचं बूच काढलेली एक खाट पेशंटसकट व्हरांड्यात निघाली होती, आणि पेशंट म्हणे मजेत होता. शेवटचा फोन घरून आला.

"अहो, टाकी रिकामी झाली! खालच्या भोकाला तुमचंच बूच होतं."

"मग काढलंस कशाला?"

"भोंग्यावर कोण ओरडत होतं? साहेबाच्याच घरात ठेवून घेऊ?"

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. गुळगुळीत फरशीवर त्यांची काठी सर्रकन घसरली. साहेबांनी धावत जाऊन सावरलं म्हणून बरं.

"काठीचं बूच तुमच्या वॉचमननं फाटकावर काढून घेतलं," बाई म्हणाल्या. "साहेबांचा हुकूम आहे म्हणे."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. बाई आवारात गेल्या. ढिगाभोवती माणसं जमली होती आणि ज्याला त्याला आपापलं बूच बरोबर ओळखू येत होतं.

"हे माझ्या कुबडीचं, बाई."

"हे आमच्या शिलाई मशीनच्या पायाचं. ते नसलं की खालच्या मजल्यावरचे भांडायला येतात."

बाई ऐकत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. "फेकवत नव्हतं म्हणून मी ती बादली ठेवली. लोक नेऊन करतात काय, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं." मग त्या साहेबांकडे वळल्या. "क्वालिटीला तुम्ही काही चालायचे नाही."

साहेबांना डोळ्यांपुढं बांधलेल्या ट्रंका दिसल्या, आणि त्याही एकट्या बायकोच्या.

"पण रिजेक्ट झालं म्हणून टाकून द्यायची आमच्याकडे पद्धत नाही." बाईंनी बादली काठीनं त्यांच्याकडे सरकवली. "आजपासून ही तुमची. दारोदार जायचं, कुणाला कुठं काय हवंय ते बघायचं आणि आपल्या हातानं बसवून द्यायचं. कायमचं."

साहेब बादली घेऊन घरी आले. बायको दारातच उभी होती.

"सामान बांधू?"

"नको. कायम झालो."

"कसले साहेब?"

साहेबांनी नुसती बादली वर करून दाखवली. बायकोनं टाकीकडे बोट केलं. साहेबांनी बाह्या सरसावल्या, आणि जन्मात पहिल्यांदा एक बूच न मापता, न तपासता अंगठ्यानं दाबून बसवलं.

टाकी पुन्हा भरली, तरी थेंबभरही गळलं नाही.