चिंतनगर्भ ढोलकी

वासुदेव काकाजींच्या घरी नवा मिक्सर आला, त्या दिवशी काकीजींनी त्यात मिरच्या फिरवल्या. काकाजी ओसरीवर बसले होते. मिक्सर थांबला तसे ते डोळे मिटून म्हणाले, "आरोह दमदार हाये. अवरोहाले मात्र वाव देल्ला नाही."

"बटन बंद केलं जी मी," काकीजी आतून म्हणाल्या.

असे आमचे काकाजी. आंधळगाव माझं माहेर. आमचं घर आणि काकाजींचं कृषी केंद्र यांच्यामध्ये एकच भिंत आहे. धानाचं बियाणं, खतं आणि फवारणीचे पंप विकणं हा त्यांचा धंदा, आणि संगीताची समीक्षा हा त्यांचा आजार. धंद्यातून माणूस कधीतरी मोकळा होतो, या आजाराला उतार नाही. गावात भजन असो, दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ असो, लग्नातला बॅंड असो की बुद्धविहारातला गाण्यांचा कार्यक्रम असो, काकाजी पहिल्या रांगेत. मान तिरपी, डोळे बंद आणि उजव्या हाताचं एक बोट हवेत. ते बोट तालाशी जुळलेलं मी कधी पाहिलं नाही. काकाजींना गाण्यातलं काय कळतं, असं गावात कुणी विचारत नाही, कारण काहीच कळत नाही याबद्दल गावाचं एकमत आहे. कुणी छेडलंच तर "हे काही कानाचं काम नोहे" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग कशाचं काम आहे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

भाषा त्यांनी रद्दीतून उचलली. नागपूरहून बियाण्यांच्या पेट्या यायच्या, त्यांत जुने पेपर कोंबलेले असायचे. त्या पेपरांत मोठ्या शहरांतल्या मोठ्या मैफलींची परीक्षणं असत. काकाजी ती मांडीवर सरळ करून वाचायचे. मैफल कुणाची, राग कोणता, हे बरेचदा फाटून गेलेलं असे. हाती लागायची ती विशेषणं. 'नादब्रह्म', 'स्वरविलास', 'अमूर्ताचा हुंकार'. 'चिंतनगर्भ' हा शब्द ज्या हंगामात सापडला, त्या हंगामात त्यांनी कशालाच सोडलं नाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडार झाली, तर तिची ढोलकीसुद्धा चिंतनगर्भ निघाली. बिचारा ढोलकीवाला घाबरून दुकानात आला. म्हणाला, "काकाजी, चामडं बदलू का?"

हे सगळं तालुक्याच्या एका साप्ताहिकात छापून यायचं. ते साप्ताहिक केव्हाच बंद पडलं. त्यात काकाजींचा काही हात नव्हता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. नाकाडोंगरीच्या एका बॅंडवर त्यांनी लिहिलं होतं, 'क्लॅरिनेटने काळाच्या भाळावर कुंकू रेखले. ढोलाने ते पुसले. वरात क्षणभर पोरकी झाली.' नवरदेवाच्या आईनं ते वाचलं आणि पुढे कित्येक महिने ती काकीजींशी बोलत नव्हती. कधीकधी धंदा आणि आजार एकमेकांत मिसळायचे. मग पवनीकडच्या एका गायकाच्या ताना 'भरघोस, ठसठशीत आणि करप्यास न जुमानणाऱ्या' ठरायच्या. गिऱ्हाईक युरियासाठी ताटकळत उभं असायचं आणि काकाजी पेन कानाला लावून म्हणायचे, "थांब गा जरा, हुंकार कुठी बसवू ते पाहून राहिलो."

त्यांच्या तडाख्यातून मीही सुटले नाही. सहावीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात मी स्वागतगीत म्हटलं. पुढच्या अंकात आलं, 'कुमारी सुनंदाने षड्जाच्या गाभाऱ्यात प्रवेश करून रसिकांना आधी अंतर्मुख व नंतर बहिर्मुख केले.' यातला दुसरा भाग खरा होता, लोक उठून चहाला गेले होते. पण बाबांनी ते कात्रण काचेच्या चौकटीत घालून देवघराशेजारी टांगलं. त्या कात्रणाच्या जोरावर मला नागपूरला गाण्याच्या क्लासात पाठवलं. तिथल्या बाईंनी माझं गाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मायेनं विचारलं, "गणित कसं आहे गं तुझं?" आज मी भंडाऱ्याच्या शाळेत गणितच शिकवते.

तरी ते दिवस आठवले की जीव हळवा होतो. गल्लीत हातमागांची खटखट चाले, कोशाचं रेशमी कापड विणलं जाई. काकाजींच्या दुकानातून खताचा उग्र वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा आणि आई वैतागून खिडकी लावायची. साप्ताहिक आलं की पानठेल्यावर कुणीतरी मोठ्यानं वाचायचं. ज्याच्यावर लिहून आलं, तो माणूस कात्रण खिशात घालून वर्षभर फिरायचा. समजायचं कुणालाच नाही, पण आपल्याबद्दल एवढे कठीण शब्द छापून आले म्हणजे आपल्यात काहीतरी असणार, असं वाटून माणसं ताठ चालायची. पाव्हण्याला पाणी देण्याआधी कात्रण दाखवणारी घरं मी पाहिली आहेत.

आता हातमाग थोडके उरले आणि कात्रणं गेली. आता पोरं अल्बम काढतात. एक मोबाइल, एक गॉगल, उधारीची मोटारसायकल आणि तलावाच्या पाळीवर उभं राहून गायलेलं एक प्रेमगीत, एवढ्यावर अल्बम होतो. तो यूट्यूबवर चढला की खाली काकाजींचा अभिप्राय चढतो, आणि तो गाण्यापेक्षा लांब असतो. मागच्या वर्षी एका पोराच्या अल्बमखाली त्यांनी लिहिलं, 'या गीतात विरह हाच नायक असून नायिका निमित्तमात्र आहे. नायकाचा काळा चष्मा हे आधुनिक मानवाच्या अंतरीच्या अंधाराचे विलक्षण रूपक होय.' पोरानं खाली उत्तर दिलं, 'काकाजी, ऊन व्हतं.'

यंदा संक्रांतीला चार दिवस माहेरी गेले होते. दुपारी दुकानात डोकावले, तर काकाजी कुठल्याशा डीजेबद्दल मोबाइलवर लिहीत होते. त्या डीजेनं आमच्या गल्लीतल्या छपरांची अर्धी कवेलू खाली पाडली होती आणि काकाजींनी त्याला 'अद्वितीय' म्हटलं होतं. बाकावर दोघंतिघं शेतकरी बसले होते. माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

"काकाजी, सगळेच अद्वितीय कसे हो? अद्वितीय म्हणजे एकच असतो. कधी कुणाला बेसूर म्हणून तर पाहा. हात थोडाच मोडणार आहे."

शेतकरी हसले. काकाजी हसले नाहीत. त्यांनी मोबाइल खिशात घातला, पोत्यांवरची धूळ फडक्यानं उगाच झटकली आणि भर दुपारी शटर ओढून घरात निघून गेले.

मी चक्रावून मागच्या दारानं काकीजींकडे गेले. त्या लाखोळीची भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांना भिंतीपलीकडचं सगळं ऐकू आलं होतं.

"काहून बोलली वो तू तसं?" त्या म्हणाल्या. "तुले गणपतभाऊ मालूम हाये ना?"

गणपतकाका कुणाला माहीत नाहीत? आमच्या खंजेरी भजन मंडळात शेवटच्या रांगेत बसून टाळ वाजवणारा अबोल माणूस. गावाबाहेर बोडीला, म्हणजे छोट्या तळ्याला, लागून त्यांची जमीन आहे, एवढीच मला त्यांची माहिती.

"तो पहिले टाळ नोहता वाजवत," काकीजी म्हणाल्या. "मंडळाचा गानारा तोच होता."

मग त्यांनी सांगितलं ते असं. गणपत आणि वासुदेव लहानपणापासूनचे जिवलग. एकाच म्हशीवर बसून बोडीत उतरणारे. मंडळ आसगावला स्पर्धेला गेलं तेव्हा गणपतकाका मुख्य गायक, आणि काकाजींना साप्ताहिकानं पहिल्यांदाच लिहायला सांगितलेलं. नव्या समीक्षकाच्या मनानं घेतलं की आपण गावाची बाजू घ्यायची नाही, मित्राची तर नाहीच नाही. त्यांनी लिहिलं, 'आंधळगावचे गायक गणपत अंतऱ्यात सुरापासून दूर गेले, ते परत आले नाहीत. त्यांनी यापुढे टाळ वाजवावे.'

पानठेल्यावर ते मोठ्यानं वाचलं गेलं. लोक पोट धरून हसले. गणपतकाका तिथेच उभे होते. त्यांनी पेपर मागून घेतला, स्वतः वाचला, घडी घालून परत दिला. पुढच्या भजनाला ते शेवटच्या रांगेत बसले आणि त्यांनी टाळ उचलले. भांडण नाही, अबोला नाही. काकाजींच्या दुकानातूनच ते दरसाल बियाणं नेत राहिले. समीक्षकाचं म्हणणं इतकं मनावर घेणारा गायक दुसरा कुठे झाला नसेल.

मला हसू आलं नाही. दोन वाक्यं, विशेषण एकही नाही, आणि अर्थ स्वच्छ. काकाजींनी जन्मात लिहिलेलं एकुलतं एक नीट परीक्षण हेच होतं, आणि त्यानंतर त्यांनी कधी नीट लिहायचं नाव काढलं नाही.

"तवापासून कोनाले वाईट म्हनत नाही हे," काकीजी म्हणाल्या. "म्हैस हंबरली तरी वा म्हन्तेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकाजी आमच्या दारात आले. गळ्याला मफलर, हातात काठी.  म्हणाले, "चाल, तुले काही आयकवतो. पन तिथी तोंड उघडाचं नाही."

आम्ही गावाबाहेर पडलो. धान निघून गेलेल्या बांध्यांमधून लाखोळी हिरवी झाली होती. बोडीच्या पाळीजवळ येताच काकाजींनी काठी टेकवणं बंद केलं, ती बगलेत धरली आणि चोरपावलांनी पाळीच्या अलीकडे, पळसाच्या आडोशाला जाऊन बसले. मलाही हातानं खूण करून बसवलं. बुटक्या पाळीच्या पलीकडे गणपतकाका वांग्यांना पाणी देत होते आणि गात होते.

अभंग होता. आवाज जाडाभरडा, पण पोटातून आलेला. सुरुवात तर चांगली झाली. मग अंतरा आला आणि मी काकाजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कळ आल्यासारखा आक्रसला होता. पुढच्याच क्षणाला गणपतकाकांचा सूर सुटला. तो सुटणार हे या माणसाला आधीच कळलं होतं. ज्यांना गाण्यातलं काही कळत नाही असं सारं गाव समजतं, त्यांचा कान चांगला शाबूत होता, आणि इतकी वर्षं ते तो झाकून बसले होते.

"रोज येता?" मी अगदी हळू विचारलं.

"बिमार असलो तवाच काय तो नाही येत."

"मग समोर जाऊन बसा ना. माफी मागा आणि मोकळे व्हा."

"मांगितली ना," काकाजी कुजबुजले. "तो म्हने, वासू, तू खोटं लिवलं असतं त माफ केलं असतं. खऱ्याले माफी कायची?" त्यांनी मफलरनं नाक पुसलं. "त्यानं लोकायसमोर गानं म्हनाव, आनखी काही नाही पायजे मले. पन म्हनाले कसा लावू? मी वा म्हनलं त त्याले खोटं वाटन. मी त साऱ्याइलेच वा म्हन्तो."

 वर्षानुवर्षं गावातल्या प्रत्येक कच्च्या-पक्क्या गळ्यावर विशेषणांचं पोतं रिकामं करणाऱ्या या माणसाला ज्या एकाचं मन राखायचं होतं, त्याच्यासाठी मात्र एक शब्द उरला नव्हता. म्हणून ते इथे येऊन गप्प बसत होते. एका शब्दानं त्याचं गाणं गेलं, दुसऱ्या शब्दानं हेही जाईल, ही त्यांना धास्ती होती.

पलीकडचा अभंग संपला. पाण्याचा आवाज तेवढा राहिला. मग गणपतकाकांनी मान वर न करता, रोजच्यासारखं विचारावं तसं विचारलं,

"वासू, आज संगं कोन हाये गा?"

 मी काकाजींच्या दंडाला हात लावला, तेव्हा ते बोलले. 

"आपली सुनंदा हाये. शेजारची."

"मंग तिले तिथी गारठ्यात काहून बसवलं?"

"गणपत," काकाजींचा आवाज चिरकला, "तुले मालूम होतं?"

गणपतकाकांनी हातातल्या फावड्यानं एका वाफ्याचं पाणी अडवलं आणि दुसऱ्या वाफ्यात सोडलं. त्यांना घाई नव्हती.

"मालूम काहून नाही राहन? तू येत नाही त्या दिवशी मी कायले म्हनू? वांग्याइसाठी?"

काकाजींनी दोन्ही हात जमिनीला टेकवले. उठायला त्यांना वेळ लागला. काठी तिथेच पळसाखाली राहिली. ते पाळ चढले, पलीकडे उतरले आणि ओल्या वाफ्याच्या काठावर, गणपतकाकांच्या अगदी समोर, मांडी घालून बसले. धोतराला चिखल लागत होता.

"म्हन," ते म्हणाले.

गणपतकाकांनी फावडं बाजूला ठेवलं, हात धोतराला पुसले आणि दुसरा अभंग सुरू केला.