मधमाशीच्या उजेडानें वाफा राखिला ती हकिगत

श्रीसूर्यनारायण समर्थ, ज्याचे उजेडाविण कळी न उमले. शके सतराशें एक्याण्णव, चैत्रमासीं, कोणे एके संस्थानीं ऐसें वर्तलें जें, महाराजांचे बागेचा रिवाज होता, दरसाल हरएक फुलाची छबी हुजूर रुजू व्हावी, आणि छबी पसंत न पडे तो वाफा उपटावा. छबी यंत्रानें काढणार गोजराबाई, हाताची बहुत कसबी. सूर्यफुलांचा वाफा तिणें माहेरच्या बियांनीं स्वहस्तें लाविला होता, त्याजवर तिचा जीव. परंतु गतवर्षीं महाराजांनीं नाक मुरडिलें कीं, पिवळें तें पिवळेंच, यांत पाहावें काय? फुलनवीस रखमाजीपंत म्हणजे होयबांचे शिरोमणि. त्यांनीं लागलींच कुदळी मागविल्या, आणि बाईनें हातापायां पडोन वर्षाची मुदत घेतली. ती आतां सरली.

मग बाईनें शक्कल लढविली. यंत्रास स्फटिकाचें भिंग आणि काळी काच लाविली. ती काच आपला नेहमींचा उजेड अडवी, आणि सूर्याचा जो उजेड माणसास दिसत नाहीं, मधमाशीस मात्र दिसतो, तेवढाच आंत सोडी. परंतु तो पडला मंद, छबीस वेळ फार, आणि वारा मेला फूल हालवी. तेव्हां बाईनें सरदारांस शेले धरोन वाफ्याभोंवतीं उभें केलें आणि श्वासहि बेतानें घ्या म्हणोन दटाविलें. लढाया मारिलेले गडी फुलापुढें दम धरोन उभे, मिशा थरथरताहेत, काय ती शोभा वर्णावी!

दरबारीं साधी आणि माशीच्या उजेडाची, ऐशा जोडछब्या मांडिल्या. प्रथम महाराजांचा लाडका गुलाब, तो काळाठिक्कर निघाला, आणि पंत अपशकुन म्हणोन कडाडले. मग सूर्यफूल उघडिलें, तों पाकळ्यांचीं टोकें लखलखीत आणि मध्यें काळेंभोर मंडळ, जैसा चंद्रकळेस जरीकांठ. महाराज तडक वाफ्यांत गेले, आणि माशी आली ती नेमकी मंडळावरच बैसली. महाराज लेंकरासारखे हरखले, आणि म्हणों लागले, आमचीहि छबी याच काचेनें काढा.

काढिली, तों मुखावर उन्हाचे ठिपकेच ठिपके, एरवीं कोणास न दिसणारे. राणीसाहेबांनीं तोंडास पदर लाविला. महाराज छबी न्याहाळोन म्हणाले, "पंत, हें तोंड पसंत न पडलें, तर आम्हांसहि उपटाल?"

पंत जन्माच्या सवयीनें म्हणाले, "होय महाराज."

प्रथम महाराजच खो खो हांसले, आणि मग अवघा दरबार. गोजराबाई हांसतां हांसतां रडली.

सारांश, रिवाज मोडिला, कुदळी भटारखान्याच्या चुली खणावयास गेल्या, आणि वाफा डोलत राहिला. इतकें वर्तलें तें लिहिलें.